निजलेल्या घरातला स्वयंपाक

डॉक्टरीणबाईंनी मला त्या मुलीचा बाप समजून झापले.

"बाबा, हिला घरात जेवायला घालता की नाही? सात हिमोग्लोबिन घेऊन ही जिने कशी चढते, तेच मला कळत नाही."

मी खुलासा केला नाही. मागे रांग मोठी होती, आणि माझ्या खुलाशाने तिचे रक्त वाढणार नव्हते.

ती माझी भाडेकरू. भोसरीत माझे दोन मजली घर आहे. मागच्या बाजूला मी राहतो, उरलेल्या खोल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना भाड्याने दिलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती आणि तिचा नवरा राहतात. मराठवाड्यातले बौद्ध कुटुंब. नवरा जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. ती चाकणला कंत्राटावर, गाड्यांच्या वायरी जुळवण्याच्या कामावर जाते. त्या आठवड्यात तिची कामाची दुसरी, म्हणजे दुपारची पाळी होती. सकाळी पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना ती मध्येच खाली बसली आणि तिला उठता येईना. नवरा कामावर गेलेला होता. मी रिक्षा बोलावली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेले.

तिथे कळले ते असे. गर्भाशयात गाठ होती. दर महिन्याला फार रक्त जात होते. गाठ काढायला हवी, पण रक्त दहाच्या वर आल्याशिवाय भूल देता येणार नाही. उशीर केला आणि गाठ वाढली तर पिशवीच काढावी लागेल.

"गोळ्या देते आहे," बाई म्हणाल्या, "पण नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. डाळी, कडधान्यं, पालेभाजी, भाकरी, जमलं तर अंडी. पोटात अन्न पडू द्या."

रिक्षात ती म्हणाली, "लग्नाला चार वर्षं झाली काका. अजून लेकरू नाही. पिशवीच काढली तर आमचं काय?"



माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. मालात दोष निघाला की आधी कामगाराला धरायचे नाही, ही तिथली शिस्त. आधी कच्चा माल पाहायचा, मग कामाची पद्धत, मग यंत्र. माणूस शेवटी. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ही सवय गेलेली नाही. जेवणाचा सल्ला मिळूनही एखादी बाई तसे जेवत नसेल तर त्याला कारण असणार, आणि ते कारण मला हवे होते. दयेपेक्षा त्यात कुतूहल अधिक होते, हे नमूद करतो.

कच्च्या मालापासून सुरुवात केली. घरात धान्यच नसेल, असा माझा अंदाज होता. संध्याकाळी नवरा आल्यावर मी वर गेलो. त्याने पलंगाखालून पोते ओढले. ज्वारी. फळीवरचे डबे उघडले. तूर, मटकी, हरभरे, शेंगदाणे.

"गावाकडून येतंय मालक. आई दर बारीला गाडीत घालून देते. नको म्हटलं तर रडतेय."

"मग खाता काय?"

त्याने बायकोकडे पाहिले. "भात असतो. बटाटा. चपाती. कवा नूडल्स. कवा खालून वडापाव."

पोत्यावर धूळ होती. पहिला अंदाज खोटा ठरला.

दुसरा अंदाज अज्ञानाचा. मी तिला कडधान्यांचे महत्त्व सांगू लागलो. तिने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "काका, तुम्ही हरभऱ्याची वाळलेली भाजी खाल्ली का कधी? पाला खुडून, वाळवून ठेवतेत आमच्याकडं. उन्हाळ्यात दुसरी भाजी नसली की तीच. भाकरीसंग." सांगताना तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातले पहिले हसू आले. मी महत्त्व सांगणे थांबवले.

"मग करत का नाहीस?"

"जमत नाही."

"का जमत नाही?"

"तसंच."

'तसंच' या उत्तरावर मी नोकरीत कधी सही केली नाही. पण बाईमाणसाला तिच्या चुलीविषयी खोदून विचारणे बरे दिसत नाही. मी खाली आलो.

पुढचे काही दिवस मी ओसरीवर बसून केवळ ऐकत राहिलो. गॅस, वेळ, थकवा ही सगळी कारणे मनात मांडून पाहिली. वेळ कमी होता हे खरे. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारपर्यंत ती घरीच असे, आणि तेव्हाही बटाटाच शिजे. एका सकाळी शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर वाजला. थोड्या वेळाने दुसरा. मी वाट पाहत राहिलो. माझ्या घरातून एकही शिट्टी आली नाही. ना मिक्सरचा आवाज, ना भाकरी थापल्याचा. इतकी बिऱ्हाडे, जेवणाची वेळ, आणि घर मुके. माझे घर शांत असते याचे मला समाधान वाटत असे आणि त्याचे श्रेय मी स्वतःच्या करड्या स्वभावाला देत असे. भाडेकरू मला वचकून असतात, असे मी धरून चाललो होतो.

ती जिन्यावर भेटली तेव्हा मी सरळ विचारले. "तुमच्या कुणाचे कुकर वाजत कसे नाहीत?"

तिने बोट ओठांवर ठेवले आणि दुसऱ्या हाताने खाली, तळमजल्याच्या बंद दाराकडे दाखवले. मग मला जिन्यापासून लांब नेले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "झोपलेत ना ते. रात्रपाळीवाले."

"मग?"

"मग काय काका. शिट्टी झाली की उठतेत. झोप मोडली आन् रात्री प्रेसवर डुलकी लागली तर? बोटं जातेत माणसाची."

तळमजल्यावर, तिच्या खोलीच्या बरोबर खाली, कोकणातला एक एकटा तरुण राहतो. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर तो कायम रात्रपाळी करतो. त्याच्या आधी त्याच खोलीत असलेल्या एकाचे बोट खरोखरच गेले होते. ते मला ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते असे: त्यानंतर घरातल्या बायकांनी आपापसांत ठरवून टाकले की झोपलेल्या माणसाच्या वर किंवा शेजारी कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही, भाकरी थापायची नाही. आता कारखान्यांना तीन पाळ्या. कोणत्याही घटकेला माझ्या घरात कुणी ना कुणी निजलेले असतेच. म्हणजे कुकर कधीच लावायचा नाही. नवीन बिऱ्हाड आले की जुनी बाई तिला पाणी कधी येते ते सांगते, कचरा कुठे टाकायचा ते सांगते, आणि हेही सांगते.

"पुरुषांना हे माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? ते म्हणतेल, काही होत नाही, वाजव."

मला हवे ते कारण सापडले होते, आणि त्यात दोषी म्हणावे असे कुणी नव्हते. असे प्रकरण माझ्या नोकरीत क्वचितच आले.

मूग किंवा भिजवलेली मटकी उघड्या पातेल्यात शिजते, हे मी तिला सुचवून पाहिले. "मटकी शिजती हो," ती म्हणाली. "पण रोज रोज मटकी? तूर न् हरभरा उघड्यावर ठेवला तर बस निघून जाईल माझी."

त्या संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या तरुणाला गाठले. तो नुकताच उठून दारात दात घासत होता.

"तुला कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो का?"

तो चूळ भरून आला. "कुकर? कुणाचा ओ काका?"

"वरच्यांचा."

"वर कुणी कुकर लावतंच नाय. मला वाटलं या घरात सगळ्यांना उपासच असतात बारमाही." तो हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला. मी त्याला सगळे सांगितले. वरच्या बाईचे रक्त, गाठ, आणि बायकांचे ठरलेले. तो पायरीवर बसला.

"आयला. माझ्यामुळे? वैनींना सांगा, वाजवा म्हणावं. मी काय राजा लागून गेलोय काय?"

"तू उठशील."

"नाय उठत. तुम्ही बघाच."

बघण्याची गोष्ट निघाल्यावर मला राहवले नाही. त्याच्याच संमतीने आम्ही चाचणी घेतली. दिवस कामाचा, वेळ दुपारची, तो गाढ झोपलेला. मी त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. वर तिने आधी भाकरी थापायची आणि नंतर कुकर लावायचा, असे ठरले होते. तिने तीनदा विचारले होते, "नक्की ना काका?"

भाकरी सुरू झाली. डोक्यावरच्या स्लॅबमधून थप थप असा भरीव आवाज येऊ लागला. तरुण कुशीवर वळला, तोंड उघडे ठेवून घोरू लागला. मी समाधानाने मान हलवली. काही वेळाने कुकरची शिट्टी झाली. भिंतीमुळे ती तितकी मोठीही नव्हती. पण तो निजलेला असतानाच त्याचा उजवा हात अंथरुणावरून झटक्याने उचलला गेला आणि छातीशी आला. मूठ बंद. डोळे मिटलेले. पुन्हा शिट्टी, पुन्हा तेच. तिसऱ्या शिट्टीला तो उठून बसला आणि मला ओळखायला त्याला क्षणभर लागला.

मी वर जाऊन गॅस बंद करायला सांगितला.

"हाताचं मला माहीतच नाय," तो नंतर म्हणाला. चहाचा पेला त्याने डाव्या हातात धरला होता. "आमच्या प्रेसला हवेचा क्लच आहे. ठोका पडतो तेव्हा हवा अश्शीच सुटते. हात आत असला तर संपलं."

"आणि भाकरीचा आवाज?"

"त्याचं काय. ठोक्यातच तर असतो मी रात्रभर."

तर निष्कर्ष असा निघाला की भाकरीला मोकळीक, शिट्टीला बंदी. अर्धा प्रश्न सुटला.

ज्वारी दळून आणण्याचे काम मी घेतले, कारण घरात रिकामा मीच होतो. गिरणीत गेल्यावर कळले की तेही सोपे नाही. गिरणीवाला दिवसभर गहू दळतो. "ज्वारी गुरुवारी दुपारी, बाबा. मधेच टाकली तर गव्हाच्या पिठात जाते, बायका माझं डोकं खातात. आन् एवढीशीच आणलीत? निम्मी जात्यातच राहील." गुरुवारी दुपारी कामावर जाणाऱ्या किती बायका मोकळ्या असतात, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "म्हणून तर कुणी आणत नाही." मी गुरुवारी पुन्हा गेलो.

राहिला कुकर. माझे स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. मधे बोळ, जाड भिंत आणि पाण्याची टाकी. पत्नी गेल्यापासून तिथे चहाखेरीज काही होत नव्हते, माझा डबा बाहेरून येतो. मी तिला म्हटले, "कुकर माझ्याकडे लाव."

ती आली, पण कुकर हातात धरून दारातच थांबली. आतल्या कोपऱ्यात देवघर आहे. तिने देवघराकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती काय विचारत होती ते मला कळले. तिनेही ते शब्दांत विचारले नाही, हे तिचे सौजन्य. "गॅस तिकडे आहे," मी म्हणालो. "लायटर नीट चालत नाही, काडी ओढ." ती आत आली.

दोन आठवड्यांत ओट्यावर आणखी कुकर दिसू लागले. समोरच्या खोलीतलीचा, मग जिन्याखालचीचा. बायका कुकर ठेवून कामाला लागत, आणि शिट्ट्या मोजून गॅस बंद करण्याचे काम माझ्याकडे आले. एकदा वर्तमानपत्र वाचताना माझा हिशेब चुकला. "काका, वरण मागितलं होतं, डांबर केलंत!" जिन्याखालची बोळातून ओरडली. "कंपनीत असंच तपासत होता का माल?" वरची खिदळली. त्यानंतर वर्तमानपत्र ओसरीवरच वाचू लागलो.

महिन्याने तपासणी झाली. रक्त वाढले होते, पण साडेआठच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यावर नाही, आणि गाठही थोडी वाढली आहे.

मला हे पटेना. डाळ होती, उसळ होती, भाकरी होती, गोळ्याही ती घेत होती. माल चांगला, पद्धत सुधारलेली. मग जाते कुठे? मी विचारले, "डब्यात काय नेतेस?"

"मटकी. हरभरे. जे केलं ते."

"आणि खातेस?"

ती तोंड वाकडे करून म्हणाली, "खाते की. थोडं."

कारखान्यात त्या बायका गोल करून बसतात आणि सगळे डबे मधोमध उघडतात. कुणी स्वतःच्या डब्यातले खात नाही, तशी पद्धतच नाही. हिची उसळ पाहिली की सगळ्यांचे हात तिकडे. "नुसत्या मिरचीचा ठेचा आणणारी पण हाय आमच्यात. माझा डबा लांब ठेवू का तिच्यापासून?"

"जास्त नेत जा."

"जास्त नेलं की जास्त जातंय."

"तुझ्या वाट्याला काय येते मग?"

"बटाटा," ती म्हणाली, आणि आम्हा दोघांनाही हसू आले. माझे मी आवरले.

गोल मोडायला मी तिला सांगू शकत नव्हतो. त्या जेवणात अन्नाखेरीजही काही होते, जे त्या बायकांना सोडवणार नव्हते. म्हणून दुसरा नियम केला. कामावर निघण्यापूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने ताट संपवायचे. उसळ, भाकरी, पालेभाजी, वर लिंबू. नवऱ्याच्या आधी, माझ्या आधी. हे तिला गोळ्यांपेक्षा जड गेले. पहिले काही दिवस ती उभ्यानेच खात असे, पदर सावरत, दाराकडे पाठ करून, जणू चोरी चालली आहे. "घरातले जेवले नाहीत न् मी गिळायले. सासूनं बघितलं तर?" "सासू परभणीला आहे," मी म्हणायचो. "बस." नवऱ्याने एकदा दारातून डोकावून पाहिले आणि तो बायकोला म्हणाला, "व्वा, मालकीणबाई! पंखा लावू का?" तिने त्याला लाटणे दाखवले. पण तेव्हापासून ती बसून जेवू लागली.

तिचा आहार मी वाढताना पाहिला. माझ्या घरात कुणी बसून जेवते आहे, हे पाहण्याची सवय सुटली होती.

पुढच्या तपासणीत आकडा दहाच्या किंचित वर गेला. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. कंत्राटदाराने इतके दिवस जागा राखून ठेवणार नाही असे कळवले. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी मला सांगितले, "जाऊ द्या काका. चाकणला काम दुसरं लागतंय." शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. पिशवी राहिली.

घरी आल्यावर तिला वाकायचे नाही, जोर लावायचा नाही, अशी ताकीद होती. म्हणजे भाकरी थापणे बंद. नवरा म्हणाला, मी थापतो. त्याने लेथवर आयुष्य काढले असेल, पण पिठाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वर असा दणका सुरू झाला की बोळातले कुत्रे उठून गेले. तळमजल्यावरचा तरुण लुंगी सावरत बाहेर आला.

"काका, वर मारामारी लागली काय?"

"भाकरी आहे."

"ही भाकरी? आमच्या प्रेसवर घ्या याला!"

आम्ही दोघे वर गेलो. नवरा कोपरापर्यंत पिठाने माखलेला, परातीत एक जाड, कडेला फाटलेला गोळा. ती पलंगावर उशी पोटाशी धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

"हसवू नका हो कुणी. टाके दुखतेत."

नवऱ्याने भाकरी कशीबशी तव्यावर टाकली. एका बाजूने ती करपली. दुसरी बाजू बरी होती. मी खालून आणलेले वरण वाटीत ओतले. तरुण दारात उभा राहून जांभया देत पाहत होता.

भाकरी मधोमध कच्ची होती. तिने कडेकडेने सगळी खाल्ली, आणि कुणाला वाढले का, हे विचारले नाही.